भाचीला बीटीएसचं ‘फिक्स यू’ जास्त आवडतं, मामाने आता काय करायचं?

या वेळचं पत्र ठाण्याहून आलंय, कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या एका जुन्या फॅनचं. ‘फिक्स यू’ हे मूळ कोल्डप्लेचं गाणं, आणि बीटीएस म्हणजे कोरियातल्या सात पोरांचा पॉप ग्रुप, त्यांनीही ते गायलंय. जरा लांब होतं म्हणून थोडं कापून देतेय.

“ताई नमस्कार, मी नौपाड्यात राहतो, वय ४२. कोल्डप्ले २००० पासून ऐकतोय, ‘येलो’ टीव्हीवर पहिल्यांदा बघितलं तेव्हा १७ वर्षांचा होतो. माझ्यासाठी कोल्डप्ले म्हणजे पहिले तीन अल्बम, फार तर २००८ चा ‘विवा ला विदा’ धरा, तिथे बँड संपला, पुढचं सगळं पार्टीवाल्यांसाठी. २०१६ ला बीकेसीत आले तेव्हा मी होतो. माझी भाची १७ ची आहे, ताई-भावोजी सीवूड्सला असतात. ती बीटीएसमुळे कोल्डप्लेकडे आली. जानेवारी २०२५ मध्ये डीवाय पाटीलला १९ तारखेच्या शोला मीच तिला घेऊन गेलो, तिकिटांसाठी काय हाल झाले ते माझं मला माहीत. तिथे ‘सायंटिस्ट’ चालू असताना पुढची पोरं गप्पा मारत होती आणि बीटीएससोबत केलेल्या ‘माय युनिव्हर्स’ला किंचाळत होती, आमची पण किंचाळत होती. गेल्या आठवड्यात तिने फॅमिली ग्रुपवर बीटीएसने गायलेल्या ‘फिक्स यू’ची लिंक टाकली, वर लिहिलं की मला ओरिजिनलपेक्षा हे जास्त आवडतं, मामाची जुनी गाणी जरा रडकी आहेत हाहा. मी लिहिलं, तुझ्यासारख्या फॅन लोकांमुळेच या बँडची वाट लागली, आधी नीट ऐकायला शिक, मग बोल. ती ग्रुप सोडून गेली. माझी ताई म्हणते सॉरी म्हण. मी का म्हणू? २००५ च्या पावसाळ्यात बाबा हॉस्पिटलमध्ये होते, मी रोज रात्री शेवटच्या लोकलने ठाण्याला यायचो आणि कानात तेच गाणं असायचं, बाबा नंतर गेले. त्या गाण्याचं असं कोणी काही बोललेलं मला चालत नाही. तिला कोणीतरी समजावून सांगायला हवं ना की खरा कोल्डप्ले कुठला?

एक जुना फॅन, ठाणे”

दादा, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते म्हणजे तो विषय मिटेल. नाही, तिला कोणी काही समजावून सांगायची गरज नाहीये. आणि तुमची ताई बरोबर बोलतेय, सॉरी म्हणायचंच आहे. पण सॉरी नक्की कशाबद्दल म्हणायचं आणि कशाबद्दल अजिबात नाही, यात तुमची गल्लत झालीये म्हणून एवढं लांबण लावतेय.

आधी ग्रुपवर काय झालं ते बघू. तिने काय लिहिलं, मला हे व्हर्जन जास्त आवडतं आणि मामाची गाणी रडकी आहेत. पहिलं वाक्य तिच्या आवडीबद्दल आहे, दुसरं गाण्यांबद्दल, आगाऊपणा आहे त्यात, आहेच, पण १७ वर्षांच्या पोरीने मामाची घेतलेली फिरकी आहे ती, शेवटी ‘हाहा’ पण आहे. तुम्ही काय लिहिलंत? तुझ्यासारख्यांमुळे वाट लागली, ऐकायला शिक. यात गाणं कुठेच नाहीये हो, आख्खी ती आहे. आणि हे कुठे, तर जिथे काका, आत्या, आजी, आतेभाऊ, मावसबहिणी सगळे सकाळी गुड मॉर्निंगची फुलं टाकतात तिथे. त्या वयात घरच्यांसमोर असं कोणी बोललं की काय होतं ते आठवून बघा. ती ग्रुप सोडून गेली यात मला काहीच नवल वाटलं नाही, मीही गेले असते.

आता ‘खरा कोल्डप्ले’. तुम्ही विषय काढलाच आहे तर मला पण बोलू द्या, कारण मी पण हा बँड बराच ऐकलाय आणि तुमच्या यादीतली बरीचशी गाणी माझ्या पण यादीत आहेत. २००० साली त्यांचा पहिला अल्बम ‘पॅराशूट्स’ आला तेव्हा तुम्ही १७ चे होतात, म्हणजे आज भाची आहे तेवढेच. तेव्हा तुमच्या या खऱ्या कोल्डप्लेबद्दल तिकडची जाणती मंडळी काय म्हणत होती माहितीये? अ‍ॅलन मॅगी म्हणून एक बडं प्रस्थ, क्रिएशन रेकॉर्ड्स ही म्युझिक कंपनी काढणारा, ज्याने ओएसिस या बँडला साइन केलं तोच, त्याने म्हणून ठेवलं की हे अंथरूण ओलं करणाऱ्यांसाठीचं संगीत आहे. बाकीचे म्हणायचे रेडिओहेड या बँडची पातळ कॉपी. म्हणजे रडकी हे बिरुद काय तुमच्या भाचीने शोधून काढलेलं नाही, ते तुमच्या बँडला पहिल्या वर्षापासून चिकटलेलं आहे, आणि चिकटवणारे सगळे स्वतःला चांगलं संगीत कळतं असं समजणारे होते.

पुढचं तर अजून भारी आहे. जून २००५, ‘एक्स अँड वाय’ बाहेर पडला, ज्यात ‘फिक्स यू’ आहे. त्याच महिन्यात न्यूयॉर्क टाइम्समध्ये जॉन पॅरेल्सने लिहिलं की कोल्डप्ले हा या दशकातला सगळ्यात असह्य बँड आहे. असह्य! म्हणजे तुम्ही ज्या पावसाळ्यात शेवटच्या लोकलमध्ये खिडकीला डोकं टेकवून ते गाणं ऐकत होतात त्याच सुमाराला एक मोठा समीक्षक अमेरिकेत बसून सांगत होता की हे ऐकवत नाही. आता मला सांगा, तेव्हा तुमच्या शेजारी कोणी ते पान घेऊन बसला असता आणि म्हणाला असता की बाबा रे, आधी नीट ऐकायला शिक, तर तुम्ही काय केलं असतंत? मध्येच उतरून पुढचा डबा पकडला असता की नाही?

पॅरेल्सला गाणं कळत नाही असं मी म्हणत नाहीये हां. त्याला कळत असेल माझ्यापेक्षा शंभरपट जास्त. पण त्याच्या कळण्याने तुमचं सावरणं काही खोटं ठरलं नाही ना.

आणि २००८ ला बँड संपला हे तुम्ही कुठल्या हिशोबाने म्हणता ते मला कळलं नाही, कारण मग २०१६ ला बीकेसीच्या मैदानात तुम्ही कोणाला बघायला गेला होतात? बरं ते सोडा. तुम्हाला जो ‘विवा ला विदा’ चालतो, फार तर म्हणून का होईना, तो ब्रायन ईनो या संगीत निर्मात्याला घेऊन केलेला आहे, आणि तेव्हाच्या जुन्या फॅन लोकांना तो पण खटकला होता की गिटार कुठे गेलं, हे व्हायोलिन आणि घंटा काय लावल्यात. म्हणजे तुमच्या आधीच्या रांगेत पण कोणीतरी बसलेलं होतं, त्याचा बँड २००५ लाच संपला, आणि त्याच्या पुढच्या रांगेतल्याचा २००२ ला. पुढे २०१४ ला ‘अ स्काय फुल ऑफ स्टार्स’ला अविची हा डीजे आला, २०२१ ला ‘म्युझिक ऑफ द स्फिअर्स’ला मॅक्स मार्टिन हा पॉपवाला निर्माता आला, प्रत्येक वेळी काही लोक उतरले आणि त्याच्या कितीतरी पट चढले. माणसं मात्र तीच चार आहेत हो. क्रिस मार्टिन, जॉनी बकलंड, गाय बेरीमन आणि विल चॅम्पियन. २५ वर्षांत लाइनअप बदललेला नाही असे बँड किती सांगता येतील तुम्हाला? इतर बँडचे फॅन भांडतात ते समजू शकते, गायक बदलला, गिटारवाला कोर्टात गेला, मग कुठलं खरं हा प्रश्न निदान उभा तरी राहतो. इथे तो पण नाहीये.

या चौघांचं पण सुरुवातीला फाटलं होतं. पहिला अल्बम यायच्या आधीच विल चॅम्पियनला काढून टाकलं होतं, मग क्रिसलाच पश्चात्ताप झाला आणि जाऊन परत बोलावून आणलं. त्यानंतर त्यांनी ठरवलं की कारभार लोकशाही, पैसे चौघांत सारखे. गाण्यांवर नाव पण चौघांचं लागतं, चाल कोणाला आधी सुचली वगैरे हिशोब नाही. म्हणजे जे करतात त्यांच्यात पण तू आधीचा मी नंतरचा असं चालत नाही, आणि आपण ऐकणारे मात्र सिनियॉरिटी लावून बसलोय.

कारण मला विचाराल तर तुमच्या भांडणाचं मूळ तेच आहे, सिनियॉरिटी. तुम्ही पत्रात आवडीबद्दल जेवढं लिहिलंय त्याच्या दुप्पट तारखा लिहिल्यात. २००० पासून, २०१६ ला होतो, तिकीट मी काढलं. यातली एकही गोष्ट तिच्या हातात नव्हती हो! ती जन्मली २००८ ला, म्हणजे तुमच्या मते ज्या वर्षी बँड संपला त्याच वर्षी बाई अवतरल्या. २०१६ ला ती दुसरी-तिसरीत होती. तिने काय करायला हवं होतं?

तिकिटाचं मात्र मला पटतं, तो वैताग खरा आहे. सप्टेंबर २०२४ चा तो रविवार अर्ध्या ठाण्याला आठवत असेल, घरातले सगळे फोन आणि लॅपटॉप लावून बसलेले, स्क्रीनवर आपल्या पुढे लाखो लोक, नंतर त्याच दिवशी तिसरा शो वाढवला तरी बहुतेकांच्या हाती काही नाही. त्यातून तुम्ही दोन तिकिटं काढलीत आणि त्यातलं एक भाचीला दिलंत, बायकोला किंवा मित्राला न देता. हे प्रेम आहे, आणि ते तिला पण कळलं असणार. पण तिकीट आपण काढलं म्हणजे कुठल्या गाण्याला किंचाळायचं हे पण आपणच ठरवायचं असं होत नाही. हातात घालायला दिलेला तो लाईटवाला पट्टा तुमचा पेटला तेव्हाच तिचा पण पेटला, निघताना परत करताना कोणी विचारलं का की तुम्ही कुठल्या अल्बमपासूनचे.

‘सायंटिस्ट’च्या वेळी गप्पा मारणाऱ्या पोरांबद्दल मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे, आणि हे मुद्दाम वेगळं सांगतेय कारण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्यात. हळू गाणं चालू असताना मोठमोठ्याने बोलणं, पूर्ण वेळ फोन वर धरून मागच्याचं दिसणं बंद करणं, हा वागण्याचा प्रश्न आहे, त्यावर खुशाल टोका. पण ‘माय युनिव्हर्स’ला किंचाळणं हा गुन्हा नाही. ते गाणं किंचाळायलाच केलंय. आणि तुम्ही ‘येलो’ला गप्प उभे होतात असं मला सांगू नका, माझा विश्वास बसणार नाही.

गणपतीत आपल्याकडे आरतीला काय होतं बघा. एखादे आजोबा ‘येई हो विठ्ठले’ला ‘निढळावरी कर’ असं लांबवतात की पोरांचा श्वास संपतो, आणि पोरं सगळी ‘घालीन लोटांगण’ची वाट बघत असतात कारण तिथे गोल फिरून टाळ्या पिटायला मिळतात. आजोबांना वाटतं पोरांना भक्ती नाही, पोरांना वाटतं आजोबा संपवतच नाहीत. पण म्हणून कोणी पोरांना मांडवाबाहेर काढत नाही ना. तुम्ही काढलंत.

आता ‘फिक्स यू’कडे येते. हे खरं दुखणं आहे, बाकी सगळं त्याच्याभोवतीचं.

ते गाणं कसं झालं हे तुम्हाला माहीत असेलच, तरी लिहिते कारण पुढचा मुद्दा त्यावर आहे. क्रिस मार्टिनची तेव्हाची बायको ग्विनेथ पॅल्ट्रो, तिचे वडील ब्रूस पॅल्ट्रो २००२ ला गेले. त्यांनी जायच्या थोडं आधी एक मोठा कीबोर्ड घेतला होता आणि तो तसाच पडून होता, कोणी कधी प्लग लावून पण बघितला नव्हता. क्रिसने तो लावला, त्यातून जो आवाज आला त्यावर हे गाणं उभं राहिलं. म्हणजे वडील गेलेल्या एका मुलीसाठी, त्या वडिलांच्याच कीबोर्डवर. आणि तुम्ही ते ऐकत होतात बाबांच्या हॉस्पिटलमधून परत येताना. आता मला कळलं की या गाण्याबद्दल कोणी काही बोललं की तुमचं डोकं का फिरतं. मला पत्र वाचताना तिथे थांबावं लागलं.

पण दादा, हे तिला माहितीये का?

तुम्ही पत्रात कुठेच लिहिलं नाहीये की तुम्ही हे तिला कधी सांगितलं. तिचे आजोबा तिच्या जन्माच्या आधी गेले, तिच्यासाठी ते भिंतीवरच्या फोटोतले आहेत. मामा ‘फिक्स यू’, ‘फिक्स यू’ करतो एवढं तिला दिसतं, त्यामागे रात्रीची लोकल आहे, हॉस्पिटलचा वास आहे, हे तिला कोण सांगणार? तिला वाटलं मामाच्या आवडत्या गाण्याची थट्टा करतेय. तिला वाटलंच नाही की ती आजोबांच्या आठवणीवर पाय देतेय. तुम्ही मात्र उत्तर दिलंत ते दुसऱ्या प्रकाराला. म्हणून ते एवढं कडू निघालं.

आता तिची बाजू. बीटीएसने ‘फिक्स यू’ गायलं ते फेब्रुवारी २०२१ मध्ये, एमटीव्ही अनप्लग्डला. तेव्हा ‘माय युनिव्हर्स’ आलेलं पण नव्हतं, ते आलं त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, आणि त्याच्या रेकॉर्डिंगला क्रिस मार्टिन स्वतः सोलला गेला होता. म्हणजे क्रम बघा कसा आहे, त्या पोरांनी आधी तुमचं गाणं गायलं, कव्हर म्हणून, मान देऊन, मग पुढचं झालं. तुम्हाला वाटतं बीटीएसवाल्यांनी तुमच्या बँडमध्ये घुसखोरी केली, ते तर तुमच्याच दारातून आत आले. जगभरातल्या कितीतरी पोरींनी तुमचं हे गाणं पहिल्यांदा ऐकलं ते त्यांच्या तोंडून, आणि तुमची भाची त्यातलीच असेल बहुतेक. फेब्रुवारी २०२१ ला ती असेल बारा-तेराची. तेव्हाची अवस्था आठवा, शाळा मोबाईलवर, मैत्रिणी मोबाईलवर, खाली खेळायला जायचं तर मास्क, घरात कोणाला सर्दी झाली तरी सगळ्यांच्या पोटात गोळा. त्या वयात, त्या दिवसांत, तिने सीवूड्सच्या फ्लॅटमध्ये एका खोलीत बसून ते गाणं ऐकलं असेल. तिला ते कशातून बाहेर काढायला आलं होतं हे तुम्ही तिला कधी विचारलंय का?

मी अंदाज करतेय, तसं नसेलही, नुसतं तिला त्यातला एक जण गोड दिसत असेल म्हणून आवडत असेल. ते पण चालतं! तुम्हाला काय वाटलं, २००० साली ‘येलो’च्या व्हिडिओत समुद्रावर भिजत चालणाऱ्या क्रिसवर आपल्या वर्गातल्या पोरी फक्त सुरांसाठी फिदा होत्या?

तर दोन व्हर्जन आहेत, दोघांना एकेक धरून ठेवायला मिळालं, यात कोणाचंच काही कमी झालं नाही. तुमचं गाणं तिने हिसकावून घेतलं नाहीये. तुम्हाला ओरिजिनल आवडतं, शेवटी गिटार वर चढते आणि सगळे मिळून गातात ती जागा आवडते, तर ते तसंच राहणार आहे, तिच्या लिंकने त्यातला एक सूर पण हलला नाही.

आणि एक, कारण मला माहितीये तुम्ही म्हणाल की मग मी काय आता ‘माय युनिव्हर्स’ आवडून घेऊ का. अजिबात नका घेऊ. आवडत नसेल तर आवडत नाही. खोटं खोटं ‘वा छान आहे’ म्हणणारे मामा पोरांना लगेच कळतात आणि ते जास्त लाजिरवाणं असतं. मला स्वतःला तो अल्बम अर्धाच आवडतो, काही ठिकाणी फार गुळगुळीत वाटतो, आणि हे मी कोणालाही सांगते. पण बोलायचं ते गाण्याबद्दल. ‘मला यात ड्रम्स फार मशीनसारखे वाटतात’, बोला. ‘मला तो बीट कंटाळवाणा वाटतो, तुला त्यात काय आवडतं ग?’, हे तर नक्की बोला आणि मग उत्तर ऐका, मध्ये तोंड घालू नका. ‘तुमच्या पिढीला असलंच आवडणार’, हे बोलू नका. ‘खरे फॅन’, ‘आमच्या वेळी’, ‘बीटीएसवाल्या पोरी’, हे तीन शब्दप्रयोग काही महिने तरी कपाटात ठेवा.

सॉरी कसं म्हणायचं. ती ग्रुपवर नाहीये, पण तुम्ही जे बोललात ते ग्रुपवर बोललात, म्हणून आधी तिथेच दोन ओळी टाका की मी जे लिहिलं ते चुकीचं होतं, गाण्यावरून तिला बोलायला नको होतं. बास. त्यात बाबांचा विषय आणू नका, नाहीतर सगळ्या आत्या-काकवा रडक्या इमोजी टाकतील, विषय तुमच्याकडे वळेल आणि पोरगी परत वाईट ठरेल की बघा मामाला दुखावलं. ग्रुपवर ती कधी परत यायची ते तिचं तिला ठरवू दे, तुम्ही परस्पर अ‍ॅड करू नका.

मग तिला वेगळं भेटा. मेसेजवर नको, आणि ताईला मध्यस्थ तर अजिबात नको, ती बिचारी आधीच दोघांच्या मध्ये अडकलीये. ठाण्याहून पनवेल लोकल पकडा, सीवूड्सला उतरा, पोरीला खाली बोलवा, आणि २००५ चं काय ते सांगा. सांगताना ‘म्हणून तू तसं बोलायला नको होतंस’ हे शेपूट जोडू नका, नुसतं सांगा की हे असं होतं, तुला माहीत नव्हतं, मी कधी सांगितलंच नव्हतं. तिने ऐकून नुसतं ‘ओके’ म्हटलं तरी चालवून घ्या. त्या वयात ओके म्हणजे बरंच काही असतं.

अजून एक आयडिया आहे, माझी फार आवडती. तुम्ही २००८ ला थांबलात, ती २०२१ ला आली. मधला ‘एव्हरीडे लाइफ’ तुमच्यापैकी कोणीच धड ऐकला नसणार असं मला वाटतंय. नोव्हेंबर २०१९ चा आहे, दोन भाग, एक सूर्योदय एक सूर्यास्त, आणि आला त्या दिवशी त्यांनी तो जॉर्डनमध्ये अम्मानला एकदा उजाडताना आणि एकदा मावळताना वाजवला होता, युट्यूबवर लाइव्ह दाखवलं होतं. पर्यावरणाच्या कारणाने त्याची टूर काढली नाही, म्हणून तो जरा बाजूलाच पडला. त्यात काय काय आहे, एकीकडे चर्चमधल्यासारखं सगळ्यांनी मिळून गायलेलं, एकीकडे नुसती गिटार, आणि ‘अरेबेस्क’ म्हणून एक गाणं आहे त्यात फेमी कुटीचा सॅक्सोफोन आणि स्ट्रोमाए फ्रेंचमध्ये गातो. तुम्ही ज्याला पार्टीचं म्हणता तसलं त्यात फार नाही, आणि ती ज्याला रडकं म्हणते तसलं पण सगळं नाही. दोघांनी मिळून ऐका. तिथे तुम्ही सिनियर नाही आणि ती ज्युनियर नाही, दोघं पण नवीनच. ठाण्याहून नेरूळ येईपर्यंत अर्धा अल्बम आरामात होतो, तुम्ही जाताना पहिला भाग ऐका, ती घरी ऐकेल. आणि दोघांना वेगवेगळी गाणी आवडली तर चांगलंच आहे, भांडायला विषय मिळेल. भांडा खुशाल. गाण्यावरून भांडणारी माणसं घरात असणं ही चैन आहे, माझ्याकडे सगळे नुसत्या सिरियल बघतात.

भाची हे वाचत असेल तर तिला पण एक सांगते. बाळा, मामाची गाणी रडकी आहेत हे तुझं मत तुझ्याकडे ठेव नाहीतर मामाला एकट्याला सांग, आजीसमोर नको, तुला घरच्यांसमोर जसं लागलं तसंच त्याला पण लागतं, फक्त ४२ वर्षांची माणसं ग्रुप सोडून जात नाहीत, ती तिथेच बसून वाकडं लिहितात. आणि त्याला विचार एकदा की ‘फिक्स यू’ पहिल्यांदा कुठे ऐकलंस. सांगेल तो.

दादा, शेवटचं. तिकडे जाताना बीटीएसची सातही नावं पाठ करून जाऊ नका, परीक्षा द्यायला चाललात असं वाटेल. एक-दोन चुकली की ती हसेल, हसू दे.